फुप्फुसातील पोकळी : कारणे, प्रतिमाचित्रण आणि निदानाच्या मर्यादा

सारांश

छातीच्या क्ष-किरण चित्रात फुप्फुसामध्ये पोकळी दिसली की ती क्षयरोगाचीच असणार, असा समज आपल्याकडे रूढ आहे. क्षयरोगाचे प्रमाण लक्षात घेता हा समज निराधार नाही. परंतु तो अपुरा आहे. पोकळी हा स्वतंत्र रोग नसून अनेक रोगांचे एक समान लक्षण आहे. प्रस्तुत लेखात पोकळी कशी निर्माण होते, तिची प्रमुख कारणे कोणती, क्ष-किरण चित्र व सी. टी. स्कॅन यांच्या साहाय्याने ती कशी वाचली जाते आणि या वाचनाच्या मर्यादा कोणत्या, याचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : फुप्फुस, पोकळी, क्षयरोग, क्ष-किरण चित्र, सी. टी. स्कॅन, बुरशीचा गोळा, थुंकी तपासणी

१. प्रस्तावना

फुप्फुसात पोकळी निर्माण होते हे ज्ञान क्ष-किरणांपेक्षा जुने आहे. फ्रेंच वैद्य रने लाएनेक यांनी १८१६ मध्ये स्टेथोस्कोपची कल्पना प्रत्यक्षात आणली आणि १८१९ मध्ये त्यावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. रुग्ण बोलत असता त्याचा आवाज छातीच्या विशिष्ट भागातून थेट कानात शिरल्यासारखा ऐकू आला, तर तेथे पोकळी असावी, असे अनुमान ते करीत आणि मृत्यूनंतरच्या शवविच्छेदनाने ते पडताळून पाहत. खुद्द लाएनेक १८२६ मध्ये क्षयरोगानेच निवर्तले. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. त्यानंतर पाचच वर्षांनी, फेब्रुवारी १८८७ मध्ये, डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पुणे येथे क्षयाने निधन झाले. रोगाचा जंतू तेव्हा ज्ञात होता. परंतु जिवंत माणसाच्या छातीत डोकावण्याचे साधन उपलब्ध नव्हते. ते साधन ८ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्हेल्म राँटगेन यांच्या क्ष-किरणांच्या शोधाने मिळाले. पुढे १९७१ मध्ये लंडन येथे गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचे सी. टी. स्कॅन झाले आणि शरीराच्या आडव्या छेदांची चित्रे पाहणे शक्य झाले.

साधने सुधारली, तरी एक मूलभूत प्रश्न कायम राहिला. खोकला व ताप असलेला वसतिगृहातील विद्यार्थी, दीर्घकाळ धूम्रपान केलेला साठीचा गृहस्थ आणि दहा वर्षांपूर्वी क्षयातून बरी झालेली शिक्षिका, या तिघांच्याही चित्रात उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी दिसू शकते. पहिल्याला तातडीने क्षयाची औषधे हवी असतात. दुसऱ्याच्या बाबतीत तीच औषधे देत बसल्यास कर्करोगाच्या निदानाचे मोलाचे महिने वाया जातात. तिसरीला कदाचित कोणत्याच जंतुनाशक औषधाची गरज नसते. सारखी दिसणारी सावली तीन वेगळे निर्णय मागते. म्हणूनच चित्रातील पोकळी कशी वाचावी याला महत्त्व आहे.

२. पोकळी : संकल्पना व निर्मिती

वक्षःस्थळाच्या प्रतिमाचित्रणातील संज्ञांची एक कोशवजा सूची फ्लाइशनर सोसायटी या संस्थेने २००८ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यानुसार फुप्फुसातील घट्ट झालेल्या भागात, गाठीत किंवा गोळ्यात दिसणारी वायूने भरलेली जागा म्हणजे पोकळी होय. या व्याख्येतील 'घट्ट झालेल्या भागात' हे शब्द महत्त्वाचे आहेत. फुप्फुस हे मुळातच हवेने भरलेले इंद्रिय आहे. तेव्हा केवळ हवा दिसली म्हणून तिला पोकळी म्हणता येत नाही.

पोकळीची निर्मिती साधारणतः तीन टप्प्यांनी होते. प्रथम जंतुसंसर्ग, रक्तपुरवठ्यातील अडथळा किंवा अर्बुदाची अनिर्बंध वाढ यांमुळे ऊतींचा एक भाग मृत होतो. दुसऱ्या टप्प्यात हा मृत भाग मऊ पडून द्रवरूप होतो. तिसऱ्या टप्प्यात तो जवळच्या श्वासनलिकेत फुटतो, खोकल्यावाटे बाहेर पडतो आणि रिकाम्या जागी हवा शिरते. श्वासनलिकेशी संबंध जोडला जाईपर्यंत चित्रात केवळ भरीव गाठ दिसते. याचा अर्थ असा की बहुतेक पोकळ्यांना बाहेरच्या हवेकडे उघडणारे दार असते. क्षयरोगाच्या संदर्भात ही गोष्ट निर्णायक ठरते.

पोकळीसारख्या दिसणाऱ्या काही रचना तिच्यापासून वेगळ्या ओळखाव्या लागतात. दोन मिलिमीटरपेक्षा पातळ, एकसारखी भिंत असलेली गोल रचना ही बहुधा पुटी असते. वायुकोशांच्या भिंती नष्ट होऊन बनलेला हवेचा फुगा, कायमच्या रुंदावलेल्या श्वासनलिकांचा समूह आणि फुप्फुसावरणात साठलेल्या पुवात हवा शिरून झालेली रचना, या सर्व साध्या चित्रात पोकळीचा भास निर्माण करतात.

३. क्षयरोग आणि पोकळी

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण भारतात असल्याने आपल्याकडे पोकळीचे सर्वाधिक महत्त्वाचे कारण क्षयरोग हेच आहे. प्रौढांमधील क्षय बहुधा फुप्फुसाच्या वरच्या खंडात, विशेषतः त्याच्या शिखराकडील व मागील भागांत आढळतो. तेथे प्राणवायूचे प्रमाण अधिक आणि लसिकेचा निचरा कमी असतो, हे त्याचे सर्वमान्य स्पष्टीकरण होय. पोकळी पाडण्याचे काम जंतू एकटा करीत नाही. जंतूविरुद्ध उभी राहिलेली शरीराची प्रतिकारयंत्रणा जी विकरे सोडते, ती फुप्फुसाचा तंतुमय सांगाडाच विरघळवून टाकतात. म्हणूनच एच.आय.व्ही. बाधेमुळे ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावली आहे, अशा रुग्णांत क्षय गंभीर असूनही पोकळी कमी वेळा दिसते. याउलट मधुमेही रुग्णांत पोकळ्यांचे प्रमाण अधिक असते आणि त्या नेहमीची जागा सोडून खालच्या खंडातही आढळतात.

फ्रेंच संशोधक जॉर्ज कानेटी यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास रोगग्रस्त फुप्फुसांतील जंतूंच्या संख्येचा अभ्यास केला. त्यांच्या कामाच्या आधारे असे सांगितले जाते की, सुमारे दोन सेंटिमीटर व्यासाच्या उघड्या पोकळीत जंतूंची संख्या दहा कोटींच्या घरात जाते, तर तेवढ्याच आकाराच्या बंद गाठीत ती काही शेकड्यांतच राहते. या फरकाचे दोन परिणाम होतात. पहिला परिणाम संसर्गाचा. उघड्या पोकळीतील जंतू खोकल्याबरोबर हवेत येतात; त्यामुळे पोकळी असलेला, उपचार न घेतलेला रुग्ण हा सर्वाधिक संसर्गक्षम समजला जातो. दुसरा परिणाम औषधप्रतिकाराचा. साधारणतः दहा लाख जंतूंमागे एक जंतू आयसोनियाझिडला, तर दहा कोटींमागे एक जंतू रिफॅम्पिसिनला निसर्गतःच दाद देत नाही. दहा कोटी जंतूंच्या पोकळीत आयसोनियाझिडला न जुमानणारे सुमारे शंभर जंतू उपचारापूर्वीच हजर असतात. एकच औषध दिल्यास हेच शंभर जंतू तगतात व वाढतात. क्षयावर एकाच वेळी अनेक औषधे का देतात आणि ती मध्येच सोडणे घातक का, याचे उत्तर या साध्या गणितात आहे.

उपचारांच्या कालावधीशीही पोकळीचा संबंध आहे. प्रारंभीच्या चित्रात पोकळी आणि दोन महिन्यांच्या उपचारानंतरही थुंकीच्या संवर्धनात जंतूंची वाढ, या दोन्ही गोष्टी आढळलेल्या रुग्णांत रोग उलटण्याचे प्रमाण सुमारे २० टक्के, तर दोन्ही नसलेल्यांत सुमारे २ टक्के असल्याचे अमेरिकेतील एका मोठ्या चिकित्सा-चाचणीत दिसून आले. त्यामुळे अशा रुग्णांचा सहा महिन्यांचा उपचार नऊ महिन्यांपर्यंत वाढवावा, अशी शिफारस तेथील मार्गदर्शक तत्त्वांत करण्यात आली.

४. क्षयेतर कारणे

४.१ जंतुसंसर्ग : फुप्फुसातील गळू हे यांपैकी प्रमुख होय. बेशुद्धावस्था, अपस्माराचे झटके, अतिमद्यपान अशा स्थितीत तोंडातील स्राव श्वासमार्गात उतरतो. दात व हिरड्या अस्वच्छ असल्यास त्याबरोबर असंख्य जंतूही उतरतात. आडव्या पडलेल्या माणसात हा स्राव गुरुत्वाकर्षणाने वरच्या खंडाच्या मागील भागात किंवा खालच्या खंडाच्या वरील भागात जातो. म्हणून गळू बहुधा तेथेच आणि डाव्यापेक्षा उजव्या बाजूस अधिक आढळते. दुर्गंधीयुक्त थुंकी हे त्याचे बोलके लक्षण आहे. स्टॅफिलोकॉकस व क्लेबसिएला या जंतूंमुळे होणारा न्यूमोनियाही पोकळी पाडतो. रक्तातून आलेल्या पूयुक्त गुठळ्यांमुळे दोन्ही फुप्फुसांच्या कडांना अनेक लहान पोकळ्या दिसतात. माती व पाण्यातील जंतूमुळे होणारा मेलिऑइडोसिस हा रोग भारताच्या पश्चिम किनारपट्टीवर, विशेषतः पावसाळ्यात व मधुमेही व्यक्तींत आढळतो आणि क्षयाशी असलेल्या साम्यामुळे तो सहज नजरेआड होतो. २०२१ मध्ये कोविडच्या लाटेबरोबर परिचित झालेला म्युकरमायकोसिस हा बुरशीजन्य रोग फुप्फुसातही होतो आणि अनियंत्रित मधुमेहात झपाट्याने पोकळी पाडतो.

४.२ परजीवी : कुत्र्याच्या आतड्यातील फीतकृमीमुळे माणसाच्या फुप्फुसात जलपुटी तयार होते. ती फुटल्यावर तिचे आतील आवरण द्रवावर तरंगू लागते. चित्रात ते पाण्यावरील कमळासारखे भासते, म्हणून या चिन्हाला कमळाचेच नाव मिळाले आहे. मेंढ्या व कुत्री यांच्या सान्निध्यात राहणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत ही शक्यता ध्यानात घ्यावी लागते.

४.३ कर्करोग : अर्बुदाची वाढ रक्तपुरवठ्याच्या पुढे गेली की त्याचा मध्यभाग मृत होतो. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या प्रकारांपैकी शल्कपेशींच्या कर्करोगात हे विशेषत्वाने घडते. सी. टी. स्कॅनवर फुप्फुसाच्या प्राथमिक कर्करोगांपैकी साधारणतः पाचांत एकामध्ये पोकळी आढळते. साध्या क्ष-किरण चित्रात हे प्रमाण बरेच कमी दिसते.

४.४ अन्य कारणे : लहान रक्तवाहिन्यांचा दाह होणाऱ्या काही विकारांत फुप्फुसात अनेक पोकळीयुक्त गाठी दिसतात व त्याच वेळी मूत्रपिंडे बाधित होतात. संधिवातातील गाठी, रक्ताच्या गुठळीमुळे मृत झालेला फुप्फुसाचा भाग आणि दगडखाणीतील धुळीमुळे होणाऱ्या सिलिकोसिसची प्रगत अवस्था यांतही पोकळी संभवते. सिलिकोसिसच्या रुग्णांत क्षयाचा धोकाही वाढलेला असल्याने दोन्ही रोग एकत्र असण्याची शक्यता तपासावी लागते.

५. प्रतिमांचे वाचन

पोकळीचे वाचन करताना स्थान, संख्या, भिंत, आतील घटक आणि सभोवतालचा भाग या पाच गोष्टींचा क्रमाने विचार केला जातो. स्थान व संख्या यांचा उल्लेख वर आलाच आहे.

भिंतीच्या जाडीविषयी वुडरिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास साध्या क्ष-किरण चित्रांवर केलेला अभ्यास आजही उद्धृत केला जातो. त्यांच्या निरीक्षणानुसार भिंतीची सर्वाधिक जाडी ४ मिलिमीटर वा त्याहून कमी असल्यास पोकळी बहुतांशी कर्करोगाची नसते. १५ मिलिमीटरपेक्षा अधिक असल्यास ती बहुतांशी कर्करोगाची असते. ५ ते १५ मिलिमीटर या मधल्या पट्ट्यात दोन्ही शक्यता राहतात. आतील कडा खडबडीत, गाठीयुक्त असणे हेही संशय वाढवणारे असते. परंतु हे सारे संभाव्यतेचे नियम आहेत. पातळ भिंतीचा कर्करोग आणि जाड भिंतीचा क्षय दोन्ही पाहावयास मिळतात.

पोकळीच्या आत हवा व द्रव एकत्र असल्यास उभ्या स्थितीतील चित्रात सरळ आडवी रेषा दिसते. ती गळवात वारंवार दिसते. क्षयाच्या पोकळीत तुलनेने कमी. समोरून व बाजूने घेतलेल्या दोन्ही चित्रांत या रेषेची लांबी जवळपास सारखी असल्यास गळू फुप्फुसातील, आणि तिच्यात मोठा फरक असल्यास पू फुप्फुसावरणातील, असा एक उपयुक्त ठोकताळा आहे. हा भेद महत्त्वाचा आहे. कारण गळू बहुधा औषधांनी बरे होते, तर फुप्फुसावरणातील पू नळी घालून काढावा लागतो. पोकळीत भरीव गोळा आणि त्याच्या वर हवेची चंद्रकोर दिसल्यास बुरशीच्या गोळ्याची शंका येते. रुग्णाला पालथे झोपवून पुन्हा चित्र घेतल्यावर गोळा जागा बदलत असेल, तर ही शंका बळावते.

सभोवतालच्या भागाची पाहणी सी. टी. स्कॅनवर अधिक चांगली होते. साध्या चित्रात फुप्फुसाचे शिखर गळपट्टीचे हाड व बरगड्या यांच्या सावलीत झाकले जाते. आडव्या छेदांत ही अडचण राहत नाही. पोकळीच्या भोवती अंकुर फुटलेल्या फांदीसारखे बारीक ठिपके दिसल्यास रोग श्वासनलिकांवाटे पसरत असल्याचे समजते. सक्रिय क्षयाचे ते महत्त्वाचे, पण एकमेव नसलेले, चिन्ह आहे. मात्र छातीच्या एका साध्या क्ष-किरण चित्रात सुमारे ०.१ मिलिसीव्हर्ट किरणोत्सर्ग लागतो, तर नेहमीच्या सी. टी. स्कॅनमध्ये तो त्याच्या कित्येक पटींनी, साधारणतः ५ ते ७ मिलिसीव्हर्ट असतो. निसर्गातून माणसाला वर्षभरात मिळणारी जागतिक सरासरी मात्रा सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट आहे. यावरून सी. टी. स्कॅन आवश्यक तेथेच करावे, हे उघड होते.

या सर्वांहून स्वस्त आणि अनेकदा अधिक उपयोगी साधन म्हणजे जुने चित्र होय. पाच वर्षांपूर्वीची पोकळी आजही जशीच्या तशी असेल तर एक अर्थ निघतो; सहा महिन्यांपूर्वी तेथे काहीच नसेल तर सर्वस्वी दुसरा.

६. चित्राच्या मर्यादा आणि पुढील तपासण्या

चित्र शोधण्यास उत्तम, परंतु सिद्ध करण्यास अपुरे असते. भारतात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात छातीचे क्ष-किरण चित्र समाविष्ट नसते, तर आढळलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये, १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या क्षय-चाळणीसाठी संगणकाद्वारे चित्रवाचनास मान्यता दिली. मात्र ही चाळणी आहे, निदान नव्हे. पोकळी कोणत्या जंतूमुळे झाली आणि तो कोणत्या औषधांना दाद देतो, हे सावली सांगू शकत नाही.

त्यासाठी थुंकीची तपासणी अनिवार्य आहे. सूक्ष्मदर्शकाखालील पारंपरिक तपासणीबरोबरच आज सीबीनॅट व ट्रूनॅट या जनुकीय तपासण्या उपलब्ध असून त्यांतून काही तासांत क्षयजंतूचे अस्तित्व व रिफॅम्पिसिनला असलेला प्रतिकार कळतो. क्षयाच्या पोकळीत जंतू विपुल असतात; त्यामुळे मोठी पोकळी असूनही चांगल्या नमुन्यांत जंतू वारंवार न सापडणे, ही थांबून फेरविचार करण्याची खूण आहे. अशा वेळी दुर्बिणीद्वारे श्वासनलिकांची तपासणी, सुईने घेतलेला ऊतीचा तुकडा, बुरशीसाठीच्या रक्तचाचण्या यांचा आधार घ्यावा लागतो. निदानापूर्वी फ्लुओरोक्विनोलोन गटातील प्रतिजैविके देण्याचा मोह टाळणे इष्ट असते. ती क्षयजंतूंना अंशतः दाबतात, रुग्णाला तात्पुरता आराम पडतो आणि निदान लांबते.

७. रोगमुक्तीनंतर उरणारी पोकळी

औषधोपचार पूर्ण होऊन जंतू नष्ट झाले, तरी पोकळी नेहमीच बुजते असे नाही. कित्येकदा पातळ भिंतीची, निर्जंतुक पोकळी आयुष्यभर राहते. तो भरलेल्या जखमेचा व्रण असतो. तथापि पुढे कधी नोकरीसाठी अथवा प्रवासासाठी वैद्यकीय तपासणी झाली, की हाच व्रण रोग म्हणून वाचला जाण्याचा धोका असतो.

अशा रिकाम्या पोकळीत ॲस्परजिलस ही हवेत सर्वत्र असणारी बुरशी वस्ती करू शकते. ब्रिटनमध्ये क्षयोत्तर २.५ सेंटिमीटर वा अधिक व्यासाच्या पोकळ्या उरलेल्या ५४४ रुग्णांचे सर्वेक्षण झाले. १९६८ च्या अहवालात त्यांपैकी सुमारे ११ टक्के रुग्णांच्या चित्रांत बुरशीचा गोळा दिसला, तर १९७० च्या फेरतपासणीच्या अहवालात हे प्रमाण सुमारे १७ टक्क्यांवर गेले होते. या रुग्णांना खोकला येतो, वजन घटते, थुंकीतून रक्त पडते. लक्षणे हुबेहूब क्षयाची, चित्रात पोकळी आणि पूर्वी क्षय झाल्याचा इतिहास. तेव्हा पुन्हा क्षयाचीच औषधे सुरू होणे स्वाभाविक वाटते. परंतु ती बुरशीवर काम करीत नाहीत. रुग्ण महिनोन्‌महिने औषधांचे दुष्परिणाम सोसतो, घरात व समाजात पुन्हा 'क्षयरोगी' ठरतो आणि मूळ विकार वाढतच जातो. बुरशीविरोधी औषधे, रक्तस्राव करणारी धमनी बंद करण्याची प्रक्रिया किंवा निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया, हे याचे खरे उपचार आहेत.

८. महाविद्यालयीन संदर्भ

या विवेचनाचा अध्यापकवर्गाशी प्रत्यक्ष संबंध आहे. वर्ग, ग्रंथालय व वसतिगृह या बंदिस्त जागा असतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला, ताप, घटते वजन किंवा थुंकीतून रक्त ही लक्षणे असलेल्या विद्यार्थ्यास थुंकी तपासणी व क्ष-किरण चित्रासाठी पाठवणे हे अध्यापकास सहज शक्य आहे. शासकीय केंद्रांत ही तपासणी व क्षयाचा उपचार विनामूल्य आहे. त्याचबरोबर प्रभावी औषधे सुरू झाल्यानंतर संसर्गक्षमता वेगाने घटते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. वैद्यकीय सल्ल्यानुसार परतलेल्या अथवा बऱ्या झालेल्या विद्यार्थ्याला केवळ चित्रातील पोकळीच्या आधारे वर्गापासून किंवा वसतिगृहापासून दूर ठेवणे शास्त्राला धरून नाही. उपचार संपल्यावर काढलेले चित्र व उपचाराची कागदपत्रे जपून ठेवण्याचा सल्लाही प्रत्येक रुग्णास द्यावा. भावी काळातील चुकीच्या निदानाविरुद्ध तोच भक्कम पुरावा असतो.

९. निष्कर्ष

१. फुप्फुसातील पोकळी हे ऊतिनाशाचे दृश्य चिन्ह आहे. तो रोगाचा निर्णय नव्हे.

२. आपल्याकडे क्षयरोग हे तिचे अग्रगण्य कारण असल्याने त्याची तपासणी प्रथम व विनाविलंब व्हावी. परंतु पुराव्याविना त्याचा उपचार दीर्घकाळ चालवू नये.

३. स्थान, संख्या, भिंत, अंतर्भाग व सभोवताल यांच्या क्रमबद्ध वाचनाने शक्यतांची यादी लहान होते. अंतिम निदान मात्र थुंकी, संवर्धन अथवा ऊतिपरीक्षण यांनीच होते.

४. जुन्या चित्रांशी तुलना केल्याशिवाय पोकळी सक्रिय की निष्क्रिय, हे ठरवणे धोक्याचे आहे.

५. बऱ्या झालेल्या क्षयरुग्णातील नवी लक्षणे म्हणजे क्षय उलटला असे गृहीत न धरता बुरशी व कर्करोग यांचाही शोध घ्यावा.

लाएनेक यांनी छातीला नळी लावून केलेले अनुमान शवविच्छेदनाने पडताळून पाहण्याचा आग्रह धरला होता. आज हीच पडताळणी रुग्ण जिवंत असतानाच, थुंकीच्या एका नमुन्याने करता येते. ती न करता केवळ सावलीवर विसंबणे आता समर्थनीय राहिलेले नाही.